पहिलाच ट्रेक कळसूबाईचा करताय?

जरूर करा, जमेल! १६४६ मीटर ऐकून दचकू नका. आधी महिनाभर, आठवड्यातून तीनदा जिने चढा आणि उतराही. गुडघे बोलायला लागतात ते उतरतानाच.

बारी गावातून पहाटेच निघा. माणशी तीन लिटर पाणी, चिक्की आणि टॉर्च हवाच. जीन्स नको, भिजली की जड होते, मांड्यांना घासते. नवे कोरे बूट तर अजिबात नकोत, आठ-दहा दिवस घालून रुळवा. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, म्हणून नखं आधी कापा आणि नाडी घोट्याशी घट्ट आवळा.

पावसाळ्यात लोखंडी शिड्या निसरड्या होतात, त्यामुळे पहिल्यांदा डिसेंबर-जानेवारीच बरा. कधीही जा, पण वीज कडाडायला लागली तर शिडीला हात लावू नका, मागे फिरा.