‘हिचं मन लागत नाही, जरा मोटिव्हेट करा’

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. मूल पूर्वीसारखं खेळत नाही. मोबाइलमुळे असेल, संगतीमुळे असेल, पण मन लागत नाही. तुम्ही जरा मोटिव्हेट करा. अशाच एका घराची ही गोष्ट. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात, आई घरी शिवणकाम करणारी, मुलगी नववीत. मुलगी 1500 आणि 3000 मीटर धावते. वडिलांनी सोबत वही आणली होती. प्रत्येक सरावाचं, प्रत्येक स्पर्धेचं टायमिंग त्यात लिहिलेलं आणि घसरलेले आकडे लाल पेनने. ‘सातवीत सगळ्यांना मागे टाकायची, मॅडम. आता सरावातसुद्धा मागे राहते. आम्ही कशात कमी पडलो? पहाटे मी स्वतः ग्राउंडवर सोडतो.’

वही चाळल्यावर एक गोष्ट तिथेच सांगता आली. सातवीत ती 14 वर्षांखालील गटात 600 मीटर धावत होती. आता 17 वर्षांखालच्या गटात ती सर्वांत लहान, अंतर पाचपटीपर्यंत आणि शेजारी अकरावीच्या मुली. ही तुलनाच चुकीची होती. वडिलांनी मान हलवली, पण पटलं नाही हे दिसत होतं.

मग मुलीशी एकटीशी बोलले. मन, ध्येय, आत्मविश्वास यातलं काही विचारलं नाही. कालचा दिवस उठल्यापासून सांग, एवढंच म्हणाले. साडेचारला उठणं, साडेपाचला ग्राउंड, शाळा, क्लास, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड, जेवण, होमवर्क, झोपायला अकरा. रविवारी लाँग रन. म्हणजे झोप साडेपाच तास, जिथे या वयाला आठ ते दहा तास लागते. सराव आठवड्याला वीस तासांच्या वर. क्रीडावैद्यकातला ढोबळ नियम असा की मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्याला संघटित सराव नको, आणि किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. ही मुलगी चौदाची.

पुढचं हळूहळू आलं. वजन कमी असलं की टायमिंग सुधारतं, असं वडिलांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यामुळे घरात तिचा भात बंद, भाकरी अर्धी. पाळी चार महिने आली नव्हती. आईला वाटलं, खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच. आणि डाव्या नडगीवर एका जागी दुखत होतं. बोट ठेवून दाखवता येईल इतकं नेमकं, आता रात्रीही. आईच्या कपाटातला बाम लावून ती धावत होती.

‘बाबांना का नाही सांगितलंस?’

‘टायमिंग चांगलं आलं की आम्ही रसवंतीवर थांबतो. वाईट आलं की बाबा गाडीवर घरापर्यंत बोलत नाहीत.’

ते वडील कधी ओरडले नव्हते, हात तर कधीच उचलला नव्हता. पण मुलीने गणित मांडलं होतं: दुखतंय म्हटलं की सराव बुडणार, सराव बुडाला की आकडा पडणार, आकडा पडला की घरापर्यंत तो अबोला. दुखणं लपवणं तिला त्यातल्या त्यात स्वस्त वाटलं. मी या मुलीला जिद्दीचं भाषण दिलं असतं, तर तिने बाम आणखी चोळला असता.

समुपदेशन थांबवून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे साफ आला. हाडावरचा ताण सुरुवातीला एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसला. धावणं दोन महिने बंद. सराव खूप आणि खाणं कमी झालं की शरीर खर्च वाचवायला पाळीही थांबवतं. हार्मोन्स घटतात, हाडं कमकुवत होतात आणि मग साध्या सरावानेही दुखावतात. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर खेळाडू मुलीलाही डॉक्टरांना दाखवायचं. ‘चालतं’ म्हणून सोडायचं नाही.

वडिलांना दोन महिने हा आकडाच सहन होईना. ‘कविता राऊतने काय काय सोसलं असेल! ती थांबली का?’ नाशिकमध्ये या इथल्याच धावपटूचं उदाहरण येणारच, आणि यावंच. मी त्यांना तारखा सांगितल्या. सावरपाड्याच्या कविताताईंचा जन्म 1985चा. दिल्लीतलं राष्ट्रकुलचं कांस्य आणि ग्वांगझूमधलं आशियाई रौप्य, दोन्ही 10,000 मीटरमधली, 2010ची. म्हणजे पंचविसाव्या वर्षी. तुमच्या मुलीकडे अजून दहा वर्षं आहेत, हाड मात्र हेच आहे. यावर ते पहिल्यांदा गप्प बसले.

मुलीच्या प्रशिक्षक सरांशी बोलायला वडील घाबरत होते. टीममधून काढतील अशी भीती. सर वैतागले खरे, विभागीय स्पर्धा तोंडावर होती. पण रिपोर्ट पाहिल्यावर त्यांनीच पोहण्याचा आणि सायकलिंगचा तक्ता करून दिला. सगळेच प्रशिक्षक असं करतात असं नाही. दुखणं ऐकून जो मुलाला ‘नाटकं’ म्हणतो, त्याच्याकडून मूल काढून घ्यावं, ग्राउंड कितीही नावाजलेलं असो.

घरात दोन बदल केले. वही मुलीकडे गेली. त्यात टायमिंगच्या आधी झोप किती, भूक कशी, दुखतंय का हे ती लिहिते, आणि दाखवायची की नाही तीच ठरवते. दुसरा बदल वडिलांना जड गेला: स्पर्धेनंतर गाडीवर तिने विषय काढल्याशिवाय शर्यतीबद्दल बोलायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. ‘मग बोलू काय?’ त्यांनी खरंच विचारलं. कारखान्यातलं सांगा, म्हटलं. आणि रस प्यायचा असेल तर आकडा न बघता थांबा.

आईचा प्रश्न दहावीचा होता: खेळ बंद करायचा का? क्रीडा सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण हा हिशेब बहुतेक घरांत पाठ असतो. मी म्हणते, तो पालकांनी मनात ठेवावा. मूल त्यासाठी पहाटे उठत नाही. मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, संध्याकाळचं ग्राउंड सोडते, सकाळचं नाही, आणि रविवारी झोपते. सरांनी मान्य केलं. पाळी परत आली आहे, भात सुरू आहे, विभागीय स्पर्धा हुकली. 3000 मीटरचं टायमिंग अजून जुन्या जागी आलेलं नाही, असं परवा वडिलांनीच फोनवर सांगितलं. हे तुम्हाला कसं कळलं, असं विचारल्यावर म्हणाले, ‘तिनेच वही दाखवली.’