ट्यूबा वाजवताना मुलाला दम लागतो, श्वास कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय, मुलगा चौदा वर्षांचा, शाळेच्या बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे खालचे सूर देणारं मोठं पितळी फुंकवाद्य, वाजवतो, चार मात्रांत दम संपतो आणि सर म्हणतात, ‘पोट आवळून फुंक.’ हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

लालबागला मला मास्तरांनी हेच शिकवलं. ते मूळचे कॉर्नेटवाले, म्हणजे ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य वाजवणारे. पोटाला पट्टा करकचून बांधायचे, समोर मेणबत्ती. ज्योत हलली पाहिजे, पण विझता कामा नये. दोन वर्षं हे केलं. खालचे सूर घोगरे, फाटके. एका अनंत चतुर्दशीला भारतमाता सिनेमापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली बसलो. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘याच्या छातीत दमच नाही.’

दम होता. कॉर्नेटची नळी जेमतेम पाच फुटांची आणि अरुंद, तिला दाब हवा. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर साधारण १८ फूट. खालच्या सुरांना दाब कमी लागतो, हवा मात्र भरमसाट. पेटीचा भाता दोरीने बांधून कुणी सूर काढतं का?

पुढे चाळीतल्या एका काकांनी, नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालेल्या, पट्टा सोडायला लावला. म्हणाले, ‘जांभई दे, आणि घसा तसाच ठेवून फुंक.’ फुंकलं, तर शेजारच्या खिडकीचं तावदान थरथरलं. शिकागो सिम्फनीत १९४४ ते १९८८ ट्यूबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स हेच सांगत: स्नायूंकडे नको, गाण्याकडे आणि हवेकडे लक्ष दे.

तर मुलाला खुर्चीच्या कडेला ताठ बसवा. तोंडाचा ‘ओ’ करून श्वास घ्यायचा, खांदे उचलायचे नाहीत, पोट-बरगड्या फुगतील तशा फुगू द्यायच्या, आणि श्वास भरला की न अडवता लगेच सोडायचा. प्राणायामातला कुंभक इथे अजिबात नको. वहीचा कागद भिंतीवर नुसत्या फुंकरीने धरून ठेवायला लावा. सूर आधी गळ्याने गायचा, मग नुसत्या माउथपीसवर, मग वाद्यात. आणि दर दोन मात्रांनी श्वास घ्यावा लागला तर घेऊ दे, ट्यूबावाले घेतातच.

चक्कर आली तर लगेच थांबवा. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तुमच्या सरांना मी ऐकलेलं नाही, कदाचित त्यांना वेगळं म्हणायचं असेल. पण ते पोटाला बांधायला पट्टा आणतील, तर मुलाला तिथून उचला. मी घरी सांगितलं होतं तेव्हा वडील म्हणाले, ‘मास्तरांना जास्त कळतं.’