पोटाला लागणारा वेळ : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: चांगले ते खायला लागलो आणि त्रास वाढला. चूक बहुधा पदार्थांत नसते. किती, किती घाईने आणि कोणत्या वेळी, या तीन गोष्टींत ती सापडते. म्हणून उत्तरे देताना आमचा भर प्रमाणावर आणि वेळेवर आहे.

प्रश्न : महिन्यापूर्वी मैदा आणि साखर बंद केली. सकाळी ओट्स, दुपारी दोन वाट्या कडधान्ये, रात्री फक्त कच्चे सॅलड आणि झोपताना दोन मोठे चमचे इसबगोल असे सुरू केले. पोट हलके होण्याऐवजी फुगते, गॅस होतात, शौचालाही खडा होतो. नैसर्गिक आहार मला मानवत नाही का? (वय ३८, बैठे काम)

आहार मानवेल, पण बदलाचा हा वेग तुमच्या आतड्याला मानवलेला नाही. चोथा, म्हणजे फायबर, लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू त्यातला बराचसा भाग आंबवतात. या आंबवण्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यांच्यावरच जगतात, म्हणून चोथा हवाच. पण त्याच क्रियेत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन वायूही तयार होतो. नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला जिवाणूंना काही आठवडे लागतात आणि तुम्ही सगळा बदल एका दिवसात केलात.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा पुरतो. आधी तुमच्या पोटात जेमतेम १०-१२ ग्रॅम जात असेल, तर आठवड्याला ५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढवू नका. पाच ग्रॅम म्हणजे ५० ग्रॅम कोरडे ओट्स, किंवा शिजलेल्या मसुराचे पाच-सहा मोठे चमचे, किंवा ४० ग्रॅम बदाम. सालीसकट एका मध्यम सफरचंदातून चारेक ग्रॅम मिळतो. या हिशेबाने पाहिले तर तुमच्या दोन वाट्या कडधान्यांतूनच दिवसाचा निम्म्याहून अधिक चोथा एका बैठकीत जातो, त्यावर सॅलड आणि इसबगोल.

सध्या इसबगोल पूर्ण थांबवा. कडधान्य अर्ध्या वाटीवर आणा. रात्रीचे सॅलड वाफवून घ्या. शिजवल्याने भाजीच्या पेशींच्या भिंती मऊ होतात, चोथा नाहीसा होत नाही. पोट आठवडाभर शांत राहिले की कडधान्य पाव वाटीने वाढवा. एका आठवड्यात एकच बदल करा, म्हणजे काय बाधते ते कळेल.

इसबगोल पुढे घ्यायचाच असेल तर एका लहान चमच्याने सुरुवात करा. तो २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधी लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. पाणी कमी पडले की त्याचा गोळा होतो. तुम्हाला खडा होण्याचे तेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. कोरडा इसबगोल तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे, तो घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी तो घेऊच नये. अंथरुणावर पडायच्या वेळीही नको. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर औषधाचे शोषण कमी होते.

एवढे करूनही महिनाभराने पोट फुगतच असेल, तर कांदा, लसूण, गहू, सफरचंद, दूध यांतल्या काही शर्करा तुम्हाला सोसत नसतील. त्या तपासण्याची पद्धत आहे: आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करायचे आणि मग एकेक परत आणून पाहायचा. परत आणण्याची पायरी गाळून लोक वर्षानुवर्षे अर्धे अन्न सोडून बसतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. त्यात उपयोगी जिवाणूंचीही उपासमार होते.

प्रश्न : कडधान्यांनी गॅस होऊ नये म्हणून काय करावे?

कडधान्यांत रॅफिनोज गटातल्या शर्करा असतात आणि त्या तोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते. या शर्करा पाण्यात उतरतात. म्हणून भरपूर पाण्यात ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात बोटाने सहज चिरडेल इतके शिजवा. गॅस पूर्ण थांबणार नाही. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणे हे निरोगी माणसातही घडते.

राजम्याबद्दल मात्र वेगळी ताकीद. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला तर काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. भिजवल्यावर पाणी बदलून तो खळखळ उकळत ठेवावा, तेही अर्धा तास, मग मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आचेच्या विद्युत भांड्यात तो थेट घालू नये. तिथे पाणी उकळीपर्यंत पोचत नाही आणि दाणा मऊ लागला तरी विष शिल्लक राहते.

प्रश्न : मला दोन दिवसांतून एकदा शौचाला होते. रोज पोट साफ व्हावे म्हणून दोन वर्षे रात्री सोनामुखीचे चूर्ण घेतो. वनस्पतीच आहे, त्यामुळे चालेल ना?

आधी एक गैरसमज दूर करू. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातले काहीही नैसर्गिक आहे. किती वेळा होते यापेक्षा मळ कसा आहे ते पाहा. डॉक्टर त्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात सात प्रकार आहेत: पहिला सुटे कडक खडे, सातवा निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा प्रकार, म्हणजे बांधलेला, मऊ, कुंथावे न लागणारा मळ, हा उत्तम. दोन दिवसांनी का होईना, तुम्हाला असा होत असेल तर तुम्हाला बद्धकोष्ठता नाहीच.

सोनामुखी आतड्याच्या नसांना डिवचते आणि सहा ते बारा तासांत आतडे आकुंचन पावते. चार दिवसांसाठी ते चालते. वनस्पती असली तरी ते औषधच आहे. रोज आणि जास्त घेतल्याने शरीरातले पोटॅशियम घटू शकते. शिवाय बद्धकोष्ठतेचे खरे कारण झाकले जाते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामके, नैराश्यावरची काही औषधे, मंदावलेले थायरॉइड ही कारणे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोन वर्षांची सवय असल्याने चूर्णाचे प्रमाणही त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

चूर्ण कमी करताना शरीराची स्वतःची वेळ हाताशी धरायला हवी. जठरात अन्न पडले की मोठे आतडे हलू लागते आणि सकाळी उठल्यानंतर ही हालचाल सर्वांत जोरात असते. म्हणून न्याहारी टाळू नका. न्याहारीनंतर १५ ते ३० मिनिटांनी, कळ आली नसली तरी, रोज ठरल्या वेळी शौचालयात जा. कमोड असेल तर पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, पुढे झुकून कोपरे मांड्यांवर टेका. गुदाशयाभोवती एक स्नायू असतो. ताठ बसल्यावर तो मार्गाला बाक देतो, उकिडव्या स्थितीत तो सैलावतो आणि मार्ग सरळ होतो. श्वास कोंडून जोर लावू नका. पोट फुगवत सावकाश श्वास घ्या. पाच ते दहा मिनिटांत झाले नाही तर उठा. फोन घेऊन अर्धा तास बसल्याने गुदद्वाराच्या शिरांवर ताण येतो आणि मूळव्याध वाढते.

दिवसा कळ आली की काम सोडून जा, हे आम्ही कळकळीने सांगतो. दाबलेली कळ विरून जाते, पण मळ तिथेच राहतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि तो सुकतो. हे वारंवार झाले की गुदाशय ताणलेल्या स्थितीला सरावतो आणि कळच कमी येऊ लागते.

आहारात रोज दोन किवी, किंवा सकाळ-संध्याकाळ ५०-५० ग्रॅम प्रून (सुकवलेले आलुबुखार) घेऊन पाहा. प्रूनमध्ये चोथ्याबरोबर सॉर्बिटॉल असते, ते आतड्यात पाणी धरून ठेवते. परिणाम तीन-चार आठवड्यांनी ठरवा.

प्रश्न : रात्री झोपल्यावर आंबट पाणी घशाशी येते. थंड दूध किंवा खाण्याचा सोडा घेतला की बरे वाटते, पण पुन्हा होते.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूची एक झडप असते. जठर भरलेले असताना आडवे झालात, की आम्ल त्या झडपेवर येऊन टेकते. दुधाने घटकाभर आम्ल शमते, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. सोड्याने वायू तयार होऊन जठर ताणते. शिवाय एका लहान चमच्यात सुमारे १.२ ग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २ ग्रॅम आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सोड्याला हात लावू नये.

शेवटचे जेवण झोपेच्या तीन तास आधी संपवा आणि ते दिवसातले सर्वांत छोटे असू द्या. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळते, म्हणून ते दुपारीच बरे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे लावा. नुसत्या दोन-तीन उशा घेतल्या तर शरीर कमरेत वाकते आणि पोटावर दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा, त्या स्थितीत जठराचा मोठा भाग झडपेच्या खाली राहतो. पोटाचा घेर वाढला असेल तर थोडे वजन उतरल्यानेही फरक पडतो.

प्रश्न : आठवड्यातून एक दिवस फक्त फळांचे रस पिऊन शरीर "स्वच्छ" करावे का?

गरज नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करतात. रस गाळला की चोथा भांड्याबाहेर राहतो आणि साखर पेल्यात येते. मधुमेहावर औषध घेणाऱ्यांना असा दिवस घातक ठरू शकतो. फळ चावून खा.

प्रश्न : जेवताना पाणी प्यायल्याने पाचक रस पातळ होतो, हे खरे का?

नाही. शरीर रोज दीड लिटरच्या आसपास लाळ आणि दोनेक लिटर जठररस तयार करते. जेवताना पेलाभर पाण्याने पचन बिघडत नाही. ज्यांना आम्ल वर येते त्यांनी मात्र एकदम भरपूर पिऊ नये. चहाची गोष्ट वेगळी आहे. जेवणाबरोबरच्या चहामुळे डाळी-भाज्यांतले लोह फार कमी शोषले जाते. त्यात तासाभराचे अंतर ठेवा.

प्रश्न : घरचे उपाय किती दिवस करावेत?

साध्या तक्रारीसाठी चार आठवडे. पण शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, प्रयत्न न करता घटलेले वजन, रक्तक्षय, गिळताना अन्न अडकणे, झोपेतून उठवणारे जुलाब, सतत उलट्या, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाच्या सवयीत अचानक पडलेला फरक, यांपैकी काहीही दिसले तर एक दिवसही घरी थांबू नका. जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. जाताना आठवड्याभराची नोंद बरोबर ठेवा: काय व किती वाजता खाल्ले, त्रास किती वेळाने झाला, मळ ब्रिस्टल तक्त्यातल्या कोणत्या प्रकारचा होता आणि कोणकोणत्या गोळ्या, चूर्णे चालू आहेत.