११ वर्षांच्या पॉमेरेनियनला हृदयाचा आजार निघालाय, आता विमा काढावा का?

झडप गळतेय असं निदान झालंय आणि औषधांचा खर्च विम्यातून निघेल का, असं तुम्ही विचारलंय. या आजारासाठी तरी नाही. आधीपासूनचा आजार पॉलिसीत धरत नाहीत, शिवाय बऱ्याच ठिकाणी नवी पॉलिसी देताना वयाची अट असते. निदान लपवून तर मुळीच काढू नका. दाव्याच्या वेळी डॉक्टरांचे जुने कागद मागितले की सगळं फुकट जातं. त्यापेक्षा हप्त्याएवढी रक्कम दरमहा बाजूला टाका, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ततपासणीला तीच कामी येते. मुंबईत असाल तर परळला प्राण्यांचं बाई साकरबाई पेटिट धर्मादाय रुग्णालय आहे, तिथेही चौकशी करा.

पैशांइतकंच महत्त्वाचं म्हणजे श्वास मोजणं. आमची पॉमी गाढ झोपली की मी शेजारी बसून मिनिटभर तिची छाती किती वेळा वर होते ते मोजायचो आणि कॅलेंडरवर लिहायचो. आकडा ३० च्या आत हवा. वर जाऊन तिथेच राहिला तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. फुफ्फुसात पाणी साचत असू शकतं. पिमोबेंडन हे हृदयाचं औषध दिलं असेल तर उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी द्या. पाणी कधीच तोडू नका, लघवीच्या गोळीने तहान वाढतेच. आणि पापड, फरसाण, चिवडा असं खारट पूर्ण बंद. घरातल्या आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवा, चोरून तुकडा तिथूनच मिळतो.