जोडीदार गिळलेला तारा चुंबक होतो का?

प्रश्न चांगला विचारलाय. सूर्याचे बाहेरचे थर खदखदतात म्हणून त्याला चुंबकक्षेत्र आहे. मोठ्या निळ्या ताऱ्यांचे थर तर शांत असतात, मग त्यांच्यातल्या काहींना ते मिळतं कुठून? आणि यात जोडताऱ्यांचा, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा, काय संबंध?

आधी ज्येष्ठा नक्षत्र आठवा. मधे तांबडी ज्येष्ठा, दोन बाजूंना एकेक तारा. त्यातला विंचवाच्या शेपटीकडचा म्हणजे टाउ स्कॉर्पी, सूर्याच्या साधारण १५ पट वजनाचा. २००६ साली त्याचं चुंबकक्षेत्र जाहीर झालं, सुमारे ५०० गाऊस (गाऊस हे ते मोजायचं एकक). आपल्या पृथ्वीचं जेमतेम अर्धा गाऊस!

असं क्षेत्र मोठ्या ताऱ्यांपैकी दहातल्या एखाद्यातच सापडतं. अगदी जवळून फिरणाऱ्या जोड्यांमध्ये तर २ टक्क्यांच्याही खाली. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. चुंबकी तारे जवळच्या जोडीत सहसा दिसत नाहीत, कारण त्यांचा जोडीदार त्यांच्याच पोटात गेलाय, असा संशय आहे.

२०१९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ श्नायडर आणि सहकाऱ्यांनी ९ आणि ८ सूर्यांच्या वजनाचे दोन तारे संगणकात एकमेकांत मिसळून पाहिले. मिसळताना वेगवेगळ्या वेगाचे थर एकमेकांवर घासतात आणि मूळचं किरकोळ क्षेत्र ताणलं, पिळलं जाऊन कैक पटींनी वाढतं. तुम्ही म्हणाल, मग तारा गरगर फिरायला हवा. पण टाउ स्कॉर्पीला स्वतःभोवतीच्या एका फेरीला ४१ दिवस लागतात, आणि संगणकातल्या ताऱ्याचाही वेग शेवटी असाच उतरला. शिवाय गाभ्याला ताजं हायड्रोजन मिळाल्यामुळे असा तारा आपल्या भावंडांपेक्षा तरुण दिसतो. ज्येष्ठा नक्षत्रात राहून धाकटा, गंमतच आहे.

सगळ्यात पक्का पुरावा २०२४ चा, एचडी १४८९३७ या जोडताऱ्याचा. इथे दोन तारे आहेत, त्यातला चुंबकी तारा दुसऱ्यापेक्षा निदान १५ लाख वर्षं तरुण दिसतो. एकत्र जन्मलेल्या जोडीत हे बसत नाही. भोवतीचा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, फक्त ७५०० वर्षांचा. म्हणजे मुळात तीन तारे होते, आतले दोन एक झाले आणि उडालेला माल अजून आजूबाजूला तरंगतोय.

पण म्हणून सगळी चुंबकं अशीच झाली असं धरून चालू नका. एप्सिलॉन लुपी या जोडताऱ्यात साडेचार दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत आणि दोघंही चुंबकी. तिथे कोणी कोणाला गिळलं, ते मला कुणी पटवून दिलेलं नाही.