फक्त रमजानपुरता नमाजी, हे ढोंग आहे का?

प्रश्न: ताई, माझं वय ३४. खरं सांगतो, वर्षभर जुम्म्याची नमाजसुद्धा कधी होते कधी राहते, पण रमजान लागला की सगळे रोजे, पाच वेळची नमाज, तरावीह (रमजानातली रात्रीची जादा नमाज), सगळं मनापासून करतो. ईद झाली की आठवडाभरात परत जैसे थे. यंदा पहिल्याच तरावीहला सफमध्ये, म्हणजे नमाजच्या रांगेत, उभा राहिलो तर शेजारचे एक वयस्कर गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "आले का रमजानी मुसलमान?" आजूबाजूचे हसले. तेव्हापासून मशिदीत जायला पाऊलच उचलत नाही, घरीच पढतो. आता मलाच वाटायला लागलंय की अकरा महिने जमत नाही तर या एका महिन्याचं ढोंग तरी कशाला करायचं?

उत्तर: भाऊ, आधी आज इशाला, रात्रीच्या नमाजला, मशिदीत जा. उरलेलं उत्तर परत आल्यावर वाचलं तरी चालेल.

ढोंग लोकांना दाखवण्यासाठी असतं. आता मला सांगा, दुपारी वजू करताना, नमाजआधी हात-तोंड धुताना, तुम्ही तोंडात पाणी घेता, घसा सुकलेला असतो, ओठ चिकटलेले असतात, नळ चालू असतो आणि बाजूला कुणी नसतं. एक घोट गिळला असता तर जगात कुणाला कळलं असतं? तरी तुम्ही चूळ भरून सगळं पाणी थुंकून टाकता. ते कुणासाठी करता? जो माणूस एकटा असताना ते पाणी थुंकतो त्याला ढोंगी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

तुमच्या मनात आलेली शंका फार जुनी आहे, खुद्द सहाबांना, पैगंबरांच्या सोबत्यांना, आलेली आहे. हंजला नावाचे सहाबी होते, ते एकदा "हंजला मुनाफिक (ढोंगी) झाला" असं म्हणतच घराबाहेर पडले. त्यांचं म्हणणं असं होतं की पैगंबरांच्या (स.) जवळ बसलो की जन्नत आणि जहन्नम डोळ्यांसमोर दिसतात, आणि घरी जाऊन बायकामुलांत, कामधंद्यात पडलो की त्यातलं बरंच विसरायला होतं. हजरत अबू बकर वाटेत भेटले तर ते म्हणाले माझंही असंच होतं! दोघं मिळून पैगंबरांकडे गेले. उत्तर काय मिळालं, तर माझ्याजवळ असता तसेच कायम राहिलात तर फरिश्ते तुमच्या बिछान्यावर आणि रस्त्यात येऊन तुमच्याशी मुसाफा करतील, हात मिळवतील, पण हंजला, एक घडी अशी आणि एक घडी तशी. सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस, पैगंबरांची आठवण, आहे. मन वर-खाली होणं म्हणजे निफाक, ढोंगीपणा, नव्हे, इतकं तरी यातून मनाशी धरा.

आता दुसरी बाजू, ती मी गोड करून सांगणार नाही. हंजलांच्या मनाचा ओलावा कमी-जास्त व्हायचा, त्यांनी फर्ज, म्हणजे सक्तीची, नमाज सोडलेली नव्हती. तुमची सुटते. तरावीह ही सुन्नत आहे, पैगंबरांची रीत, सक्तीची नाही, कुणी २० रकात (नमाजच्या फेऱ्या) पढतात कुणी ८, आणि दिवसभराच्या पाच नमाजांच्या फर्ज रकाती होतात एकूण १७. म्हणजे दिवसभराच्या कामानंतर, थकलेले असताना, रात्री सुन्नतीच्या २० रकाती उभं राहायची ताकद तुमच्यात आहे आणि ईद झाल्यावर २४ तासांत पसरलेल्या १७ फर्ज रकाती जड होतात. तेव्हा जमत नाही हे कारण मला पटत नाही, जमतं हे तुम्ही दर वर्षी २९-३० दिवस स्वतःलाच दाखवता. कुरआनात सूरह नहलमध्ये एका बाईचं उदाहरण आहे, मेहनतीने पक्कं कातलेलं सूत स्वतःच उसवून टाकणारी, तिच्यासारखे होऊ नका असं सांगितलंय. ती आयत करार आणि शपथा मोडण्याबद्दल आहे, पण रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याचा दुसरा आठवडा आला की मला दर वेळी तीच आठवते.

हे उसवतं का? माझ्या मते ईमान संपतं म्हणून नाही, आधार निघून जातो म्हणून. रमजानात सगळं घर पहाटे उठतं, कुणीतरी हाक मारतं, मशीद भरलेली असते, ऑफिसात सुद्धा सगळ्यांना ठाऊक असतं की याचा रोजा आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी यातलं काहीच नसतं, तुम्ही एकटे असता, आणि एकट्याने एकदम पाचही पेलायचे म्हणजे पहिली चुकली की गिल्ट येतो, मग दुसरी चुकते, मग वाटतं जाऊ दे, आता पुढच्या रमजानला बघू.

माझंही कित्येक वर्षं असंच चाललं होतं. एका वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मोबाइल वाजला, सहरीचा, रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याचा, अलार्म बंद करायचा राहून गेला होता. घरात सगळे झोपलेले, स्वयंपाकघरात अंधार, आदल्या महिन्यात याच वेळेला तिथे भांड्यांचा आवाज असायचा. मी अलार्म बंद करून पडून राहिले आणि मग डोक्यात आलं की सहरीची वेळ संपते तिथेच तर फजर, पहाटेची नमाज, सुरू होते, म्हणजे महिनाभर मी फजरच्या आधी उठत होते आणि आता फजर सूर्य उगवेपर्यंत पढता येते, रमजानपेक्षा सोपंच झालंय की! उठले, पढले. तो अलार्म डिलीट केला नाही, फक्त वेळ पुढे सरकवली, नाव अजून सहरीच आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, यंदा अलार्म डिलीट करू नका. पाचही नमाज फर्ज आहेत, त्यातली एकही माफ करणारी मी कोण, पण घसरलेल्या माणसाने आधी एका जागी पाय रोवावा लागतो, तो फजरला रोवा आणि बाकीच्या एकेक करून परत आणा, एखादी राहिली तर कजा करा, नंतर भरून काढा, त्या पायी दिवसच सोडून देऊ नका. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडून आलेली हदीस आहे की अल्लाहला सगळ्यात प्रिय अमल (कृती) तो जो कायम केला जातो, थोडा का असेना. शव्वालचे ६ नफिल (ऐच्छिक) रोजे पण ठेवून बघा, ते सलगच पाहिजेत असं नाही, ईदचा दिवस सोडून महिन्यात कधीही सुटे सुटे ठेवले तरी चालतात, आणि ईदनंतर सगळं एका झटक्यात तुटत नाही. सोबतीला एक माणूस शोधा, नमाजच्या वेळी फोन करणारा, एवढंच त्याचं काम.

आणि सफमध्ये टोमणा मारणारे काका हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती आहे. अकरा महिन्यांनी एक तरुण तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, त्याला सरकून जागा द्यायची होती. तुमच्या एका वाक्याने तो जमातीतून, सगळ्यांच्या नमाजेतून, उठून गेला, याचा जबाब कोण देणार?

प्रश्न: माझे मिस्टर रमजानचे सगळे रोजे ठेवतात पण नमाज एकही नाही, आणि मगरिबपर्यंत, सूर्यास्तापर्यंत, घरात नुसती चिडचिड, मुलं घाबरून असतात. असा रोजा होतो का?

उत्तर: बहुतेक उलमांच्या (धर्मपंडितांच्या) मते रोजा अदा होतो, कारण नमाज आणि रोजा ही दोन वेगळी फर्ज आहेत, एक चुकलं म्हणून दुसरंही सोडा असं कुणी सांगू नये. पण बुखारी या हदीससंग्रहात हदीस आहे की जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही. कुणी भांडायला आलं तर "माझा रोजा आहे" एवढंच म्हणा असंही शिकवलंय, तुमच्या घरी तर ज्याचा रोजा तोच भांडण काढतोय. रोजा सुटल्यानंतर, ते शांत असताना, ही हदीस त्यांच्याशी बोला, भुकेच्या वेळी नको. मुलांना बापाचा रोजा म्हणजे भीती असं वाटायला लागलं तर ती मोठी झाल्यावर रोजाच सोडतील, हेही सांगा.

प्रश्न: मी हिंदू आहे. माझा जवळचा मित्र वर्षभर दारू पितो, रमजानात मात्र थेंबाला शिवत नाही. मी त्याला पाखंडी म्हणून चिडवतो, तो गप्प बसतो. माझं चुकतंय का?

उत्तर: हो, चुकतंय. दारू त्याच्या धर्मात बाराही महिने हराम आहे हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, गप्प बसतो तो म्हणूनच. पण सलग महिनाभर तो थांबू शकतो ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा. चिडवणं बंद करा आणि ईदच्या दिवशी भेटायला जाल तेव्हा त्याला विचारा, अजून महिनाभर थांबतोस का, मी पण तुझ्याबरोबर थांबतो.