रविवारी फर्स्ट शिफ्ट असणाऱ्या पोराला

प्रिय लेका,

जय ख्रिस्त. तुझा मेसेज मिळाला, दोनदा वाचला, एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून अंगठा दुखला नाही व्हय तुझा? मी मात्र कम्प्युटरवर बसून सावकाश लिहितोय, मला फोनवर जमत नाही आणि तुझं प्रकरण दोन ओळीत उरकणारं पण नाही.

तू विचारलंस फौंड्रीतल्या रविवारच्या शिफ्टचं, खंडेनवमीच्या पूजेचं आणि मालाच्या तपासणीच्या त्या टेस्ट सर्टिफिकेटचं. पण मधेच एक वाक्य टाकून पुढं गेलास की "काका, हल्ली प्रार्थना राहून जाते आणि राहिली तरी काही वाटत नाही." खरा प्रश्न तो आहे. बाकीचे त्याच्याच पोटात आहेत. आपल्याला इथं कोल्हापुरात कुणी देवळात जाऊ नको म्हणत नाही, वायल्डर मेमोरियल चर्चचं दार उघडंच असतंय. नुसता वेळ उरत नाही, आणि देवाशिवाय पण दिवस मस्त पार पडतो हे एकदा कळलं की मग कशाला? सकाळी अलार्म, बस, पंचिंग, आठ तास मशीन, घरी येऊन रील्स. देव कुठं आडवा येतच नाही. पूर्वीच्या लोकांना छळानं घेरलं, तुमच्या पिढीला सोयीनं.

आता मी तुला एका सरकारी अधिकाऱ्याचं सांगतो. प्लिनी म्हणून एक रोमन गव्हर्नर होता, बिथुनिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. साधारण इ.स. ११२ च्या सुमाराला त्यानं ट्रेजन बादशहाला पत्र लिहून विचारलं की ह्या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. गडी आपल्या बाजूचा नव्हता, त्यानं दोन दासींना छळ करून विचारलं होतं, कबुली दिलेल्यांना देहदंड पण दिला होता. तर त्याच्या चौकशीत निघालं काय, की ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गीत म्हणतात आणि शपथ घेतात. शपथ कसली? चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी विश्वासानं ठेवायला दिलेलं परत मागितलं तर नाही म्हणणार नाही. झालं. एवढाच गुन्हा सापडला साहेबाला.

बघ आता, उजाडायच्या आधी का जमत असतील? कारण त्यांना सुट्टी नव्हती. रविवारची सुट्टी कॉन्स्टंटाईननं इ.स. ३२१ मध्ये केली, ती पण शहरातल्या लोकांना आणि कारागिरांना, शेतकऱ्याला सूट दिली होती काम करायची. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं मंडळी फर्स्ट शिफ्टच्या आधी उपासना करून कामावर जात होती, त्यात गुलाम पण होते ज्यांना रजा हा प्रकारच माहीत नव्हता. त्यामुळं "रविवारी शिफ्ट पडते म्हणून माझा विश्वास गेला" हे मला पटत नाही लेका, स्पष्ट सांगतो. शिफ्ट बदलून मागायची, जरूर मागायची, महिन्यातले दोन रविवार तरी, लेखी अर्ज देऊन. नाही मिळाली तर दुसरा दिवस धरायचा. पण एकट्यानं यूट्यूबवर उपदेश ऐकणं म्हणजे उपासना नव्हे, ते ऐकत ऐकत तू भाजी पण चिरतोस, मला माहितीय. चार माणसं, एक गीत, आणि तुझं तोंड बघून "काय रे, काय झालंय" असं विचारणारा कुणीतरी, एवढं लागतंच.

त्या शपथेकडं परत ये. तुझ्या सर्टिफिकेटचा विषय तिथंच आहे.

तू लिहिलंयस की हीट निघाली, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा, त्यात काय काय आहे ते बघणारा स्पेक्ट्रो झाला, पण कडकपणा मोजायला हार्डनेस टेस्टरवर पीस लावायला वेळ नाही, गाडी गेटवर उभी, आणि सुपरवायझर म्हणतो भरून टाक की, नेहमीचंच मटेरियल आहे. मग तू १८७, १९१, १८९ असे आकडे टाकतोस, सगळे एकसारखे दिसू नयेत म्हणून थोडे वरखाली करून, खाली सही. मी पण आयुष्य फौंड्री लाईनमध्ये काढलंय, मला हे नवीन नाही. एसजी आयर्न ४५० ग्रेडच्या लोखंडाला कडकपणाचा आकडा १६० ते २१० मध्ये बसला की कस्टमर खूश. बहुतेक वेळा माल खरोखर त्यातच असतो पण. मग पाप कुठं आहे, असं तू विचारतोयस.

पाप त्या आकड्यात आहे. आपण संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको" ते कोर्टापुरतं नाही. टेस्ट सर्टिफिकेट ही साक्षच आहे, आणि शेजारी कोण? ज्याच्या ट्रॅक्टरला तो ब्रॅकेट बसणार तो कुठला तरी कागलचा नाहीतर विदर्भातला शेतकरी, जो तुला कधी भेटणार नाही. लोकांना वाटतं थिऑलॉजी म्हणजे त्र्यैक्य, पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कसं समजावायचं, सातवा दिवस कुठला, असले वाद. अरे, देव देहधारी झाला हे आपण दर नाताळाला म्हणतो, ते खरं असेल तर लोखंड, घाम, माप, वजन ह्या सगळ्याला देवानं हात लावलाय. तिशीपर्यंत त्यानं सुतारकाम केलं. एकदा तरी त्यानं न मोजता माप सांगितलं असेल असं तुला वाटतं का? मग तुझ्या टेबलावरचा हार्डनेस टेस्टर ही दुय्यम गोष्ट नाही, आणि तो बंद ठेवून प्रार्थनेत डोळे मिटायचे ह्याला काही अर्थ नाही. प्रार्थना कोरडी का झाली हे मी काही छातीठोक सांगू शकत नाही, पण सहीपासून बघायला सुरू कर एवढं म्हणतो.

करायचं काय, प्रॅक्टिकल. उद्या जाऊन हिरोगिरी करू नको. मेल टाकून सगळ्यांना सीसी तर अजिबात नको. सुपरवायझरला एकट्याला चहाला घे आणि सांग की साहेब, मी हीटमागं दोन पीस तरी लावणार, मला वीस मिनिटं द्या, आणि जे मोजलं नाही तिथं आकडा टाकणार नाही, रकाना मोकळा ठेवून "तपासले नाही" लिहीन. शांतपणे. "मी ख्रिस्ती आहे म्हणून" हे शब्द वापरू नको तिथं. कारण तुझ्याच लॅबमध्ये एखादा असेल जो वारी करतो नाहीतर रोजा ठेवतो आणि तो पण खोटा आकडा टाकत नाही, त्याला शोध, त्याच्याशी बोल, दोघं मिळून बोललात तर वजन पडतं. आणि घरात दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला आत्तापासून लाग. नाही म्हणायला पाठीशी पैसे लागतात हे पाळक लोक सांगत नाहीत म्हणून मी सांगतो.

आता खंडेनवमी. दरवर्षी मशीन धुवायचं, पुसायचं, झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, आणि ह्या वर्षी तुझ्या हातात आरतीचं ताट देणार म्हणतात कारण तू लाईनवर सगळ्यात धाकटा. आईनं सांगितलं त्या दिवशी सुट्टीच टाक. मला सुट्टी टाकणं नाही आवडलं. वर्षभर ज्यांच्या डब्यातलं खाल्लं त्यांच्या सणाला गायब व्हायचं?

बायबलमध्ये नामानाची गोष्ट आहे, २ राजे ५. अरामाचा सेनापती, कोड बरं झालं, म्हणाला आता परमेश्वराशिवाय दुसऱ्या कुणाला बळी वाहणार नाही. पण लगेच त्यानं अलीशा संदेष्ट्याला अडचण सांगितली की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मला पण वाकावं लागतं, तेवढं देव मला माफ करो. अलीशानं त्याला भाषण दिलं नाही. "शांतीने जा" एवढंच म्हणाला. मला ही गोष्ट फार आवडते, त्यात नोकरी करणाऱ्या माणसाची अडचण देवाला कळते असं दिसतं. पण एक लक्षात घे, नामानानं अडचण लपवली नाही, आणि त्यातून सोयीचा नियम पण बनवला नाही.

म्हणून आधीच, आठ दिवस आधी, फोरमनला सांग की माळ मी करतो, मशीन मी चकाचक करतो, फुलं आणायला मार्केटला मी जातो, सगळ्यांबरोबर उभा राहतो, फक्त आरतीचं ताट दुसऱ्याकडं द्या. ऐन वेळी हात मागं घेतलास की तो अपमान होतो, आधी सांगितलंस तर कोल्हापूरचा माणूस "बरं बरं, त्यात काय" म्हणतो. प्रसादाचं विचारलंस. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात दोन्ही सांगितलंय, एकीकडं प्रभूचा मेज आणि दुसरा मेज एकत्र चालत नाहीत, दुसरीकडं कुणी जेवायला बोलावलं तर खुशाल जा आणि चौकशी न करता खा, पण समोरच्यानं हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी सोडून दे. आपल्या मंडळीत ह्यावर एकमत नाही आणि होणार पण नाही. मी स्वतः हातात घेतलेलं नम्रपणे कुणाला तरी देतो आणि नंतर सगळ्यांबरोबर भडंग-चहाला बसतो. तू तुझ्या विवेकानं ठरव, पण ठरवताना संडे स्कूलमधली ती लहान पोरं तुझ्याकडं बघतात हे पण धर, पौलाचा सगळा जोर विश्वासात अजून कच्च्या असलेल्या, आपलं बघून अडखळणाऱ्या त्या अशक्त भावावर आहे.

तुझा तो रूममेट, जो म्हणतो देव बिव काय नसतंय भावा, त्याच्याशी वाद जिंकायच्या भानगडीत पडू नको. धर्माच्या ढोंगावर तो जे बोलतो त्यापेक्षा बायबलमधला आमोस संदेष्टा कडक बोललाय, तुमचे सण मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. रूममेटला तो अध्याय वाचून दाखव, चकित होईल. आणि देव न मानणाऱ्याला नीतीच नसते असं तर चुकून पण म्हणू नको, ह्या गावात तर नकोच. कॉम्रेड गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी परतताना गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. डाव्या चळवळीतला माणूस, आयुष्यभर कामगारांसाठी झटला. अशा माणसांसमोर आपण आधी गप्प बसून ऐकायला शिकावं.

हां, रूममेटचा एक मुद्दा मात्र घे, विज्ञानानं सगळं कळत चाललंय, मग देवाला जागा कुठं. ह्यावर बोनहोफर नावाच्या जर्मन पाळकानं १९४४ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिलं होतं, की आपलं ज्ञान जिथं संपतं ती फट बुजवायला देव वापरू नका, कारण ज्ञान वाढलं की देव मागं मागं सरकत जातो. जे कळलंय त्यात देव शोधा, नुसता दुःखात आणि मरणात नको, ताकदीत आणि कामात पण. हे तो हिटलरच्या तुरुंगात बसून लिहितोय, आणि ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली. आपल्याकडं उलटं आहे, नोकरी गेली, रिपोर्ट वाईट आला की प्रार्थना सभेत गर्दी, आणि प्रमोशन झालं की पार्टी रंकाळ्यावर. तुझ्या चांगल्या दिवसात देवाचं काय काम आहे ते बघ. परवा तू सांगत होतास की कास्टिंगमधला ब्लो होल, हवेनं पडणारी ती पोकळी, नेमका कुठून येतो ते तुला सापडलं आणि तुला भारी वाटलं. त्या भारी वाटण्याबद्दल कधी आभार मानलेस?

सेक्युलर जगाला पण उगाच घाबरू नको. घटनेचं २५ वं कलम प्रत्येक माणसाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला पण, आणि आपल्यासारख्या मूठभर लोकांचं छप्पर तेच आहे. कॅन्टीनमध्ये कुणी चेष्टेनं म्हणालं, काय रे, कन्व्हर्जन करायला आलास व्हय, तर हसून सोडून दे. पत्रकं वाटत फिरू नको. प्रेषित पेत्र म्हणतो, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. आधी विचारायला पाहिजे असं काहीतरी तुझ्यात दिसू दे. न भरलेला तो रकाना बघून विचारेल कुणीतरी.

वर्गणीचं राहिलंच. तालमीची पोरं आली की दारामागं लपू नको. यरुशलेमहून परक्या बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्र पाठवलं होतं, घरं बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात आहात त्याचं भलं बघा. २०१९ च्या पुरात ह्याच तालमीच्या पोरांनी माणसं बाहेर काढली. रक्तदान शिबिराला दे, वह्या वाटपाला दे, नाव सांगून दे.

आमच्या घरी गुरुवारी पहाटे साडेपाचला भक्ती असते, अर्धा तास, सहाला संपते म्हणजे तुझी बस मिळते. पाच-सहा जण असतो, ना. वा. टिळकांचं एखादं ख्रिस्ती भजन, एक उतारा, चहा. पेटी मी वाजवतो, ती जरा भाता सोडते, सांभाळून घे. आईला सलाम सांग, आणि सुपरवायझरशी बोललास की काय म्हणाला ते कळव.

तुझा,
काका